पाकिटाची मागची बाजू

चर्चगेटहून सुटलेली विरार लोकल बोरिवली ओलांडते आणि बायकांच्या डब्यात भाजी निवडायला सुरुवात होते. ज्यांना बसायला जागा मिळाली आहे त्यांच्या मांडीवर पिशव्या उघडतात. कुणी मेथीची जुडी सोडते, कुणी गवारीच्या शिरा काढते, हिवाळ्यात वाटाण्याच्या शेंगा सोलल्या जातात. उभ्या असलेल्या बायकाही मूठभर शेंगा मागून घेतात आणि सोललेले दाणे परत देतात. मी त्या डब्यात कधी बसलेलो नाही, हे उघडच आहे. ही सगळी हकिगत माझ्या सुनेची. ती गेली बारा वर्षे हा प्रवास करते. सकाळी सहा-पंचावन्नला घर सोडते आणि रात्री साडेआठला दारात चप्पल काढते.

तीन वर्षांपूर्वी तिने गाडीत वाटाणे सोलणे बंद केले आणि घरात गोठवलेल्या वाटाण्यांचे पाकीट आणायला सुरुवात केली. तेव्हा घरात पहिला आक्षेप घेतला तो मी. "आपल्या वसईत राहून बर्फातली भाजी खायची?" असे मी म्हणालो. 'शिळं' हा शब्दही वापरला. ती काही बोलली नाही. सुना अशा वेळी बोलत नाहीत आणि सासऱ्यांना वाटते, आपले म्हणणे पटले.

माझा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. माझे बालपण आगाशीला वाडीत गेले. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर केळी, पलीकडे दुधीचा मांडव, विहिरीच्या कडेला अळू. आई चुलीवर भांडे चढवायची आणि मग भाजी तोडायला जायची. वसईची केळी, वांगी, पालेभाजी, फुले पहाटेच्या गाड्यांच्या मालडब्यातून दादरला जात. आम्ही मुंबईला ताजे खाऊ घालणारी माणसे. ज्याच्या बापाने टोपली डोक्यावर घेऊन स्टेशन गाठले, त्याने सुपरमार्केटच्या शीतपेटीत वाकून भाजी शोधायची, हे मनाला लागते. आज त्या वाडीच्या जागी चार मजली इमारत आहे. तिच्याच दुसऱ्या मजल्यावर मी राहतो आणि टँकरच्या पाण्याचा हिशेब सोसायटीच्या वहीत लिहितो.

पण मी ज्याला 'ताजे' म्हणत होतो, त्याचीही एक दुसरी बाजू होती आणि ती मला ठाऊक असायला हवी होती. 1985 साली माझी बदली वसईच्या शाखेत झाली. मच्छीमारांच्या यांत्रिक बोटींना आम्ही कर्जे देत असू. जाळी, इंजिन, सगळे बँकेकडे नजरगहाण. पाहणीला पाचूबंदर, नायगाव, अर्नाळ्याला जावे लागे. बोटीच्या खर्चाच्या यादीत डिझेलच्या खालोखाल बर्फ असायचा. पहाटे बर्फाच्या लाद्या यंत्रात फोडून बोटीच्या पोटात भरल्या जात आणि बोटी कित्येक दिवसांसाठी समुद्रात जात. जे पापलेट आपण बाजारात 'आजचे' म्हणून घेतो, ते अनेकदा बर्फात दिवस काढून आलेले असते. ज्याला बर्फ वेळेवर आणि पुरेसा लागला ते उत्तम, ज्याला लागला नाही ते नासके. हे मी स्वतःच्या सहीने कर्जाच्या कागदांवर मान्य केले होते आणि घरात मात्र बर्फाला नावे ठेवत होतो.

परवा आमच्या नेहमीच्या कोळणीने हे मला एका वाक्यात सांगितले. मी पाटीतल्या माशाचे कल्ले उलटून पाहत होतो. ती म्हणाली, "बर्फातली मासळी वायट नाय, काका. बर्फ कवा घातला ते इचारा."

अमेरिकेतल्या क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाच्या माणसाला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेच कळले होते. 1912च्या सुमारास तो कॅनडाच्या लॅब्राडॉर प्रदेशात गेला. तिथले इन्युइट लोक बर्फातून मासा काढत आणि त्या हाडे गोठवणाऱ्या वाऱ्यात मासा पाहता पाहता दगडासारखा होई. महिन्यांनी तो वितळवून शिजवला तरी चव ताज्यासारखीच. बर्ड्सआयच्या लक्षात आले की गुपित नुसत्या थंडीत नाही, थंडी किती वेगाने भिनते यात आहे. सावकाश गोठले की पेशींतल्या पाण्याचे मोठे स्फटिक बनतात आणि पेशी फाडतात. मग वितळल्यावर भाजीचा लगदा होतो. झटपट गोठले की स्फटिक बारीक राहतात. त्याने त्यासाठी यंत्र बनवले आणि 1930च्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावातल्या दुकानांत गोठवलेल्या अन्नाची पाकिटे पहिल्यांदा विकायला ठेवली गेली.

आज कारखान्यात वाटाण्याचे काय होते, तेही सांगतो. शेंगा सोलल्या जातात, दाणे एक-दोन मिनिटे गरम पाण्यातून काढले जातात, लगेच थंड करून वेगाने गोठवले जातात. गरम पाण्याने दाण्यातली विकरे थांबतात. ती थांबली नाहीत तर थंडीतही हळूहळू रंग आणि चव बिघडवतात. या उपद्व्यापात क जीवनसत्त्व थोडे कमी होते हे खरे. पण तोडलेली शेंग ट्रकमधून, घाऊक बाजारातून, हातगाडीवरून आपल्या टोपलीत येईपर्यंत तेही थांबलेले नसते, ते रोज कमी होत असते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत वाटाणा स्वस्त आणि कोवळा असतो तेव्हा शेंगाच घ्याव्यात. पण जूनमध्ये सुकलेल्या, महाग शेंगांपेक्षा पाकिटातला दाणा काही वाईट नाही. उणे अठरा अंशांवर तो ठेवलेला असेल तर त्याला टिकवायला दुसरे काहीच लागत नाही. घटकपदार्थांच्या यादीत एकच शब्द असतो : वाटाणे.

हे सारे मला आज कळते. तेव्हा कळत नव्हते. कळायला एक निमित्त व्हावे लागले.

गेल्या वर्षी गणपतीनंतर एका सकाळी आमची ही ओट्याशी उभी असताना तिला गरगरले. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, एकशे ऐंशीवर एकशे दहा. पायांवरही थोडी सूज होती. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही बँकेत होता ना? मग आठवडाभर घरात मीठ कुठून येतं त्याचा हिशेब लिहून आणा."

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते. म्हणजे चहाचा एक चमचा, सपाट. पाकिटांवर मीठ लिहिलेले नसते, सोडियम लिहिलेले असते. हिशेब सोपा आहे. दोन हजार मिलिग्रॅम सोडियम म्हणजे पाच ग्रॅम मीठ, चारशे मिलिग्रॅम म्हणजे एक ग्रॅम. मी एक जुनी रोजकीर्द काढली, रकाने आखले आणि कामाला लागलो. मनात खात्री होती की सुनेचा फ्रीजरच गुन्हेगार ठरणार. खोटे कशाला सांगू, थोडी उत्सुकताही होती.

वाटाण्याच्या पाकिटावर सोडियम नावापुरते. मक्याच्या दाण्यांचे तसेच. किसलेल्या ओल्या खोबऱ्याचेही तसेच. सुनेने आणलेल्या या तीन पाकिटांच्या रकान्यात जवळजवळ काहीच जमा होईना.

चौथे पाकीट टिक्क्यांचे होते. ते तिने आणलेले नव्हते, मी आणले होते. निवृत्तीनंतर बाजारहाट माझ्याकडे आहे. नातू शाळेतून आला की त्याला काहीतरी कुरकुरीत हवे असते. पाकिटावर हिरव्यागार वाटाण्यांचे चित्र होते आणि ठसठशीत अक्षरांत लिहिले होते, 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही'. मी ते पौष्टिक समजून आणायचो. नातवाला चार, तिला चार, चहाबरोबर. आता प्रथमच पाकीट उलटे केले. आपल्याकडे घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, जो सर्वांत जास्त तो पहिला. इथे पहिला बटाटा, मग पाम तेल, मग मैद्याच्या पावाचा चुरा. चित्रातला वाटाणा पाचव्या क्रमांकावर. सोडियम शंभर ग्रॅमला पाचशे चाळीस मिलिग्रॅम. चार टिक्क्या म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, म्हणजे दोन ग्रॅम मीठ. दिवसाच्या वाट्यातला दोन-पंचमांश हिस्सा तिच्या बशीत मी रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने वाढत होतो.

आणि 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' हे खोटे होते का? मुळीच नाही. गोठवलेल्या पदार्थाला टिकवण्याचे काम थंडीच करते. तिथे ते औषध घालायची गरजच बहुधा नसते. ज्याची गरज नाही ते घातले नाही, याची जाहिरात पुढच्या बाजूला होती. जे घातले होते, ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात. पस्तीस वर्षे मी कर्जदारांचे ताळेबंद तपासले. नव्या अधिकाऱ्यांना सांगत असे, आकडे पुढच्या पानावर असतात, पण दुखणे मागच्या टीपांमध्ये असते. स्वतःच्या घरात मात्र पुढचे चित्र बघून मंजुरीची सही करत होतो.

रोजकीर्द तिथे थांबली नाही. लोणच्याची फोड, दोन पापड, चहाबरोबरची खारी, दुकानातले फरसाण, खारवलेला बांगडा. यातले बरेचसे आमच्या 'घरच्या', 'पारंपरिक' खात्यातले. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी करायची रीत आहे. जून-जुलैत मासेमारी बंद, वादळवारा, म्हणून उन्हाळ्यातच घर भरून ठेवायचे. ती बेगमीही दोन तऱ्हांची आहे, हे हिशेब लिहिताना ध्यानात आले. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर बोंबील टांगतात, तो नुसत्या उन्हावाऱ्यावर वाळतो, त्याला मीठ लागत नाही. आगाशीची सुकेळी राजेळी केळ्यांची, त्यांतही केळे आणि ऊन याखेरीज काही नाही. आणि खारा मासा, लोणचे, पापड ही मिठावर टिकणारी बेगमी. दोन्ही आपलीच, दोन्ही जुनी. पण रक्तदाबाच्या माणसाला त्यांच्यातला फरक पाहावाच लागतो. आपले म्हणून सोडून देता येत नाही.

मग मला फ्रीजरचे कोडे सुटले. वाटाणा हा सुकेळीच्या जातीचा आणि टिक्की फरसाणाच्या. दोघे एकाच शीतपेटीत शेजारी शेजारी बसतात, इतकेच.

ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठातील कार्लोस मोन्तेइरो या संशोधकाने 2009 साली अन्नाकडे बघायची अशीच एक रीत सुचवली. 'नोव्हा' नावाने ती आज जगभर माहीत आहे. तिच्यात चार गट आहेत. पहिल्यात निसर्गातून आलेले किंवा नुसते निवडलेले, दळलेले, वाळवलेले, गोठवलेले अन्न. दुसऱ्यात तेल, तूप, साखर, मीठ. तिसऱ्यात या दोहोंच्या मिश्रणातून झालेले, लोणच्यासारखे पदार्थ. चौथ्यात कारखान्यात बनलेली अतिप्रक्रियायुक्त खाद्ये, ज्यांत आपल्या स्वयंपाकघरात नसलेले पदार्थ घातलेले असतात. गोठवलेली भाजी आणि गोठवलेला मासा त्यांनी पहिल्या गटात ठेवला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी आहाराच्या सतरा सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांतही अतिप्रक्रियायुक्त पदार्थ आणि मीठ कमी करा, पाकिटावरची माहिती वाचा, असे सांगितले आहे. थंडीवर कुणाचाच राग नाही.

तर आता मी सुपरमार्केटात जातो तेव्हा काय करतो, तेवढे सांगतो. उपयोग झाला तर होवो.

पाकीट आधी उलटे करतो. यादीत एक-दोन शब्द असतील तर पुढे जातो. दहा-बारा असतील आणि त्यातले अर्धे आमच्या हिला ठाऊक नसतील तर परत ठेवतो. 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' म्हणजे मैदा, हे पाठ करून ठेवले आहे. पराठ्यांच्या पाकिटांवर तो फार भेटतो. नुसत्या भाजीच्या पाकिटातही कधी मीठ-साखर घातलेली असते, तीही बघतो.

मग पाकीट हातात हलवून बघतो. दाणे आत मोकळे खुळखुळले पाहिजेत. सगळ्याचा एकच गोळा झाला असेल, आत हिमाचा भुगा साचला असेल, तर ते पाकीट वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेले असण्याचा संभव फार. पेटीच्या तोंडापर्यंत रचलेली वरची पाकिटे घेत नाही, खाली हात घालून घेतो. एका दुकानात तर भर दुपारी ती पेटीच बंद ठेवलेली आढळली आणि तरीही माल विकला जात होता. त्या दुकानात पुन्हा गेलो नाही.

कोळंबी घेताना दोन गोष्टी. तिच्यावर बर्फाचा पातळ थर देतात, सुकू नये म्हणून. तो वाजवी आहे, पण पाकिटावरचे निव्वळ वजन बर्फ वगळून असले पाहिजे. आणि यादीत 451 किंवा 452 हे आकडे दिसले तर ती फॉस्फेटे असतात. ती कोळंबीत पाणी धरून ठेवतात आणि बहुतेकदा सोडियमही वाढवतात. नुसती 'कोळंबी' लिहिलेले पाकीट मिळत असेल तर तेच घ्यावे. मासेमारी बंद असते त्या दोन महिन्यांत आता आम्ही खाऱ्या बांगड्याऐवजी हे आणतो.

गोठवलेल्या वस्तू सगळ्यांत शेवटी उचलतो, वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि रिक्षा करतो. रिक्षाचे पैसे आधी जिवावर यायचे, आता येत नाहीत. कोळणीने सांगितल्याप्रमाणे थंडी कधी लागली याइतकेच, ती मध्ये तुटली का, हेही महत्त्वाचे. थंडीने जंतू मरतातच असे नाही, ते नुसते निपचित पडून राहतात. वितळले की पुन्हा उठतात. 2018च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेले, रुळांवर पाणी आले, वीज गेली, ते आपल्याला आठवत असेल. गच्च भरलेला फ्रीजर दार न उघडता ठेवला तर दोनेक दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एखादा दिवस. आम्ही दर तासाला दार उघडून 'अजून थंड आहे का' बघत होतो. शेवटी सगळे टाकून द्यावे लागले. मासे टाकताना माझा जीव वर-खाली होत होता. 'वीज आली की पुन्हा गोठवू' असे मी म्हणालो, तेव्हा सुनेनेच पिशवीचे तोंड बांधून ती बाहेर नेली होती. तेव्हाही ती काही बोलली नव्हती.

हिशेबाची वही पूर्ण झाली त्या रात्री मी तिची वाट बघत बसलो. साडेआठला ती आली. तिला पाणी दिले आणि वही पुढे केली. तिने रकान्यांवरून बोट फिरवले, टिक्क्यांपाशी थांबली. मी म्हणालो, "ह्या मी आणत होतो. आणि शिळं तुझ्या वाटाण्यांना म्हणालो." तिने वही मिटली. म्हणाली, "बाबा, मी तो डबा बघूनच वाटाणे आणत होते. गाडीत सोलायचे ना, तसेच असतात ते, फक्त सोलणारं दुसरं कुणीतरी." आणि मग थोडे थांबून, "मला अर्धा तास मिळतो. पिंट्याचा अभ्यास होतो."

त्या अर्ध्या तासाचा रकाना मी आखलेलाच नव्हता. बाई गाडीतल्या गाडीत संसार उरकते याचे आपण कौतुक करतो, त्यावर गोष्टीही लिहितो. मीही लिहिल्या आहेत. पण तिला मांडी रिकामी ठेवून खिडकीबाहेर बघावेसे वाटत असेल, हे लिहिताना सुचले नव्हते.

हिच्या गोळ्या चालूच आहेत आणि त्या बंद करायच्या नाहीत असे डॉक्टरांनी बजावले आहे. रक्तदाब आता आटोक्यात आहे. टिक्की आता घरात होते, पाकिटातले वाटाणे, उकडलेला बटाटा आणि हाताने घातलेले मीठ. नातू पहिल्या आठवड्यात रुसला, दुसऱ्या आठवड्यात खाऊ लागला. कधी वाढदिवसाला विकतची हवी म्हणतो, तीही आणतो. वर्षातून चार वेळा खाल्ल्याने आभाळ कोसळत नाही.

या हिवाळ्यात हिने आणखी एक केले. आगाशीला आमच्या एका भावकीच्या वाडीत वालाच्या शेंगा अजून होतात. उकडहंडीपुरत्या बाजूला ठेवून बाकीच्या आणल्या. मी आणि तिने गॅलरीत बसून दाणे सोलले, गरम पाण्यातून काढले, थंड पाण्यात टाकले, फडक्यावर कोरडे केले. घरचा फ्रीजर कारखान्याइतका जलद नसतो, म्हणून एका ताटात दाणे एकेरी पसरून आधी गोठवले आणि मग पिशव्या भरल्या. पिशवीवर हिने तारीख लिहिली. सुनेने दार उघडून पाहिले आणि विचारले, "आई, मागच्या बाजूला काय लिहिलंय?"

हिने पिशवी उलटी केली. मागे काही नव्हते. तिने पेन मागून घेतले आणि लिहिले : वाल.